१० इंचांची चाकं: जुनी मिनी ट्रॅकवर नेताना

[दृश्य: इंग्लंडमधल्या गुडवुड सर्किटचा पॅडॉक, म्हणजे शर्यतीच्या गाड्या तयार करायची जागा. लोखंडी स्टँडवर उभी केलेली मिनी कूपर एस, मिनीची वेगवान आवृत्ती. चारही चाकं काढून ठेवलेली.]

हे चाक उचलून बघितलं की कुठल्याही मराठी माणसाला आधी स्कूटर आठवेल. बरोबरच आहे. बजाज चेतकचा टायर ३.५०-१०, म्हणजे रिम १० इंचांची. आणि १९५९ साली आलेल्या मिनी या छोट्या ब्रिटिश मोटारीची रिमही १० इंचांचीच.

जेमतेम ३ मीटर लांबीच्या गाडीत तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांना चार माणसं आणि त्यांचं सामान बसवायचं होतं. चाक मोठं केलं की त्याची कमान आतल्या जागेवर अतिक्रमण करते. म्हणून त्यांनी डनलॉपकडून एवढे छोटे टायर मुद्दाम बनवून घेतले. शर्यत त्यांच्या डोक्यातही नव्हती. पण १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कनं याच चाकांवर मॉन्टे कार्लो रॅली मारली. १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीनं ती पुन्हा जिंकली.

[दृश्य: शेजारी शेजारी उभी केलेली तीन चाकं. १०, १२ आणि १३ इंच.]

आज अशी मिनी ट्रॅकवर पळवायला घेतली की पहिला मोह होतो तो या शेवटच्या चाकाचा. १३ इंच, रुंद, दिसायला झकास. नव्वदच्या दशकात कंपनीनं स्वतःच ही चाकं रस्त्यावरच्या मिनीला दिली होती, मग हरकत काय?

हरकत टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, लिहिलेली असते.

[दृश्य: टायरवरचा आकडा जवळून. १६५/७० आर १०.]

१६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ११५.५ मिलिमीटर. वर आणि खाली मिळून २३१. त्यात १० इंची रिमचे २५४ मिळवा. चाकाचा एकूण व्यास ४८५ मिलिमीटर.

आता जुना, अरुंद टायर घ्या, १४५/८० आर १०. त्याचा हिशेब येतो ४८६. रुंदी तब्बल २० मिलिमीटरनं वाढली आणि व्यास जवळपास होता तिथेच राहिला! म्हणजे रबर जास्त मिळालं आणि गिअरिंगला, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांमागे मिळणाऱ्या वेगाला, धक्काही लागला नाही. १६५/७० हे माप जुन्या मिनीवाल्यांच्या इतक्या आवडीचा का, ते इथे कळतं.

१३ इंचांवर बसतो १७५/५०. त्याचा व्यास ५०५. फरक २० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ४ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. पण ३.७६५ चा फायनल ड्राइव्ह धरला, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या ३.७६५ फेऱ्या, तर इंजिनच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांना गाडी १० इंचांवर ताशी साधारण १४६ किलोमीटर वेगानं जाते आणि १३ इंचांवर १५२. कागदावर वेग वाढला. प्रत्यक्षात प्रत्येक गिअर लांबला आणि वळणातून बाहेर पडताना गाडी तेवढी मंद झाली. इंजिन १२७५ सीसीचं. उधळायला ताकद आहे कुठे? शिवाय मोठी रिम आणि टायर बहुधा जड असतात, आणि ते वजन मध्यापासून लांब असतं. ते फिरवायलाही ताकद लागते आणि थांबवायलाही.

[दृश्य: पुढचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग. ब्रेकची डिस्क आणि तिला चिमटणारा कॅलिपर.]

मग मोठ्या चाकाचा काहीच उपयोग नाही का? आहे, ब्रेकसाठी. कूपर एसची साडेसात इंची डिस्क १० इंची चाकात मावते. ८.४ इंचांची मावत नाही. १९७४ मध्ये १२७५ जीटीला आणि १९८४ मध्ये सगळ्याच मिनींना १२ इंची चाकं आली, ती या मोठ्या डिस्कसाठी. तेव्हाचा टायर होता १४५/७० आर १२. हा आकडा ओळखीचा वाटला ना? आपल्या मारुती ८०० चंच ते माप. टायर चालेल, पण मारुतीची रिम मिनीला लावायला जाऊ नका. मिनीचे चाक आवळायचे चार स्टड १०१.६ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, मारुतीचे ११४.३ च्या.

तर क्रम असा: आधी ब्रेक ठरवा, मग त्यावरून मावेल ते सगळ्यात लहान चाक घ्या. माझं मत विचाराल तर, हलक्या मिनीला १० इंच पुरतात. त्यात बसणारे चार पिस्टनचे कॅलिपरही मिळतात.

लहान चाकाचा आणखी एक फायदा कुणी फारसा बोलून दाखवत नाही. बहुतेक मिनींच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरी कोन आहेत, ॲलेक्स मोल्टन यांची करामत. ते कडक असतात आणि त्यांची हालचाल थोडी. ११५ मिलिमीटर उंचीची टायरची कुशी त्यातले बरेच धक्के स्वतः पचवते. १७५/५० ची कुशी उरते ८७.५ मिलिमीटर. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर गाडी चढली की हा फरक थेट पाठीच्या कण्यात कळतो.

[दृश्य: ५ इंच आणि ६ इंच रुंदीच्या रिम, मागून.]

रुंदीचं म्हणाल तर १६५ च्या टायरला ५ इंच रुंद रिम छान. ६ इंचही चालते, पण ती सहसा बाहेरच्या बाजूला वाढलेली असते. चाक जितकं बाहेर सरकेल, तितका बेअरिंगवर भार वाढतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्टीअरिंग हातातून ओढलं जातं. पुढची चाकंच गाडी ओढतात, त्यामुळे मिनीला हे जास्त जाणवतं. वरून चाकांच्या कमानींना पत्र्याच्या किंवा फायबरच्या रुंद कडा जोडाव्या लागतात ते वेगळंच.

[दृश्य: नक्षीदार, गोलसर खांद्याचा रेसिंग टायर.]

ऐतिहासिक शर्यतीत उतरायचं असेल, तर मात्र निवड नियमावली करते. साठच्या दशकातल्या गाड्यांच्या बऱ्याच शर्यतींत डनलॉपचे जुन्या घडणीचे क्रॉसप्लाय टायरच, म्हणजे आतले धागे तिरके एकमेकांवरून गेलेले, लावावे लागतात. ते वळणात भरपूर घसरतात, पण सांगून घसरतात. आजच्या रेडियल टायरला (आकड्यातला 'आर' तोच) जितका निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत झुकवलेला कल, लागतो, तितका यांना लागत नाही. रेडियलच्या सेटिंगवर क्रॉसप्लाय चढवले, तर आतली कड झिजते आणि बाहेरची नुसती बघत बसते.

नियमांचं बंधन नसेल, तर योकोहामा ए०३२आर सारखा मऊ रेडियल १० इंचांत मिळतो. घेताना कुशीवरचे चार आकडे वाचा. २३१८ असेल, तर टायर २०१८ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी कोरी करकरीत असली, तरी जुनं रबर कडक होतं आणि ट्रॅकवर त्याचा भरवसा नाही.

जुन्या मॅग्नेशियमच्या मिनीलाइट रिम हाती लागल्या, तर आधी तडे तपासून घ्या. रंगीत द्रव लावून पुसला की तडा रेघेसारखा उमटतो. तसा एखादा दिसला, तर ती रिम भिंतीवर टांगा आणि गाडीला ॲल्युमिनियमची घ्या.

[दृश्य: कमानीच्या आतल्या कडेला चिकटवलेली खेळण्यातली माती.]

चाकं चढवल्यावर कमानीच्या आत थोडी माती चिकटवायची, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं, मागे दोन जणांना बसवून दोन-चार उड्या मारायला लावायच्या. माती दबली, तिथे टायर घासणार.

मग काही फेऱ्या मारून लगेच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, यायचं आणि टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी घ्यायचं. मध्य जास्त तापला असेल, तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा तापल्या असतील, तर कमी. एकच कड तापली असेल, तर हवेला हात लावू नका, कॅम्बर बघा.