हे नऊ बार गाळू नका

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: १८०० ते १८३० या काळातल्या माझ्या पाच आवडत्या पाश्चात्त्य रचना आणि त्यांची ध्वनिमुद्रणं. पाचही नावं आधीच सांगून टाकतो. बीथोव्हेनची ‘एरोइका’ सिंफनी, त्याचंच ओपस १३१ हे चार तंतुवाद्यांचं क्वार्टेट, आणि तीन शूबर्टच्या: ‘विंटररायझं’ ही गीतमाला, दोन चेलोंचं क्विंटेट आणि बी फ्लॅट मेजरमधला शेवटचा पियानो सोनाटा. सुरुवात या शेवटच्यापासून करतो, कारण त्याच्याबद्दल मला एक गोष्ट बरीच वर्षं सांगायची आहे आणि आज तुम्ही आयते सापडलात. (हशा)

गोष्ट आहे पुनरावृत्तीची. सोनाट्याच्या पहिल्या मूव्हमेंटचा, म्हणजे पहिल्या स्वतंत्र खंडाचा, पहिला भाग संपला की कागदावर दुहेरी रेघ असते आणि तिच्या अलीकडे दोन ठिपके. अर्थ सरळ आहे: मागे जा, हे सगळं पुन्हा वाजवा. हयातभर असे ठिपके लिहिणाऱ्या संगीतकारांचं म्हणणं आपण मनावर घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता १८२८ साल डोळ्यांसमोर आणा. व्हिएन्ना. शूबर्ट एकतीस वर्षांचा. २६ मार्चला, म्हणजे बीथोव्हेनच्या पहिल्या स्मृतिदिनी, त्यानं फक्त स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल केली. आयुष्यातली अशी एकुलती एक. लोक आले, चार पैसेही मिळाले. पण वर्तमानपत्रांना तिच्याकडे बघायला सवड झाली नाही, कारण त्याच आठवड्यात पागानिनी शहरात व्हायोलिन वाजवू लागला होता. आणि गंमत बघा, शूबर्टनं मैफलीतून आलेल्या पैशांतून पागानिनीचीच तिकिटं काढली, मित्रालाही घेऊन गेला! मला हा माणूस आवडतो तो अशा गोष्टींमुळेसुद्धा. असो. सप्टेंबरात त्यानं तीन सोनाटे पुरे केले. आपला सोनाटा त्यातला शेवटचा, हस्तलिखितावर २६ सप्टेंबर अशी तारीख आहे. २ ऑक्टोबरला प्रोब्स्ट नावाच्या प्रकाशकाला पत्र लिहून त्यानं कळवलं, तीन सोनाटे तयार आहेत, हुमेल या संगीतकाराला अर्पण करायचे आहेत. प्रोब्स्टनं ते काही घेतले नाहीत. १९ नोव्हेंबरला शूबर्ट गेला. सोनाटे छापले गेले सुमारे दहा वर्षांनी. तोवर हुमेलही वारला होता, म्हणून डियाबेल्ली या प्रकाशकानं ते शूमान या संगीतकाराला अर्पण केले.

या सोनाट्याची माझ्याकडे एक कॅसेट होती. पुण्यातल्या एका स्नेह्यानं एलपीवरून उतरवून दिलेली. वादक मोठे होते, त्यांचं नाव आज घेत नाही. ती कॅसेट मी इतकी ऐकली की मधेमधे फीत आवळल्यासारखा आवाज यायचा आणि तोही मला रचनेचाच भाग वाटू लागला होता. सुरुवात तुम्हाला माहीत आहे. अगदी हळू, प्रार्थना म्हणावी तशी चाल. आठव्या बारमध्ये (बार म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधला ठरावीक मात्रांचा तुकडा) डाव्या हाताला खालच्या जी फ्लॅटवर एक ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपाट्यानं होणारी थरथर, जेमतेम ऐकू येईल अशी. बी फ्लॅटला सा मानलं तर हा मंद्रातला कोमल धैवत. एवढ्या शुद्ध, उजळ स्वरांच्या ओळीनंतर खोल तळाशी कोमल धैवत घरघरतो, मग सगळं थांबतं आणि चाल पुन्हा सुरू होते. त्या घरघरीचा अर्थ काय, हा प्रश्न मला त्या कॅसेटनं लावून दिला.

पुढे धोबीतलावच्या एका दुकानात मला या सोनाट्याची छापील प्रत मिळाली. पियानो मला वाजवता येत नाही, पण बोट ठेवून वाचता येतं. घरी कॅसेट लावली, प्रत उघडली, बोट फिरवत निघालो. पहिल्या भागाच्या शेवटी आलो आणि कॅसेट एकदम पुढच्या पानावर गेली. मधे नऊ बार राहिले. पुन्हा लावली, पुन्हा तेच. कागदावर त्या नऊ बारांच्या वर कंस होता आणि आत एक आकडा: म्हणजे हे फक्त पहिल्या वेळी वाजवायचे, मागे वळण्यासाठी. वादकानं पुनरावृत्ती घेतली नव्हती, त्यामुळे हे नऊ बार कॅसेटवर नव्हतेच. आणि ते असे नव्हते की आधी कुठे येऊन गेलेले सूर परत येतात. त्यातलं काही तर अख्ख्या सोनाट्यात दुसरीकडे कुठेच नाही!

माहीमला एक बाई पियानो शिकवायच्या, माझ्या एका मित्राची मुलगी त्यांच्याकडे जायची. प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, बाई, एवढे नऊ बार मला वाजवून दाखवा. त्यांनी चष्मा लावला, पान पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘नुसते नऊ नाही वाजवणार. आधीपासून येते.’’ त्यांचा पियानो भिंतीला लावलेला, उभा, पावसाळ्यात सूर उतरलेला. पहिला भाग त्यांनी संथपणे वाजवला आणि मग त्या नऊ बारांत शिरल्या. तुटक, अडखळणारे सूर, मधे थांबे, जणू कुणी काही बोलू पाहतंय आणि शब्द सापडत नाहीत. आणि शेवटी तीच ट्रिल. पण फोर्टिसिमो! जी घरघर आतापर्यंत दबलेली होती ती तिथे गर्जना करून उठली. मी दचकलो. बाई थांबल्या नाहीत. मागे वळल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं, तीच प्रार्थना, त्याच लयीत. आठव्या बारमध्ये ट्रिल आली, पुन्हा हळू, लिहिल्याप्रमाणे अगदी पियानिसिमो. मंडळी, मला ती आता वेगळी ऐकू आली, कारण ती किती मोठ्यानं गरजू शकते हे मी नुकतंच ऐकलं होतं. सूर तेच, ऐकणारा बदललेला. हेच मला आज तुम्हाला सांगायचंय.

म्हणून कुणी म्हणालं की ‘‘ऐकलंय ना एकदा, पुन्हा कशाला’’, तर मी वाद घालतो. रागसंगीत ऐकणाऱ्या आपल्याला तर हे पटायला हवं. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा आणि दहा मिनिटांच्या विस्तारानंतर येतो तेव्हा त्याचं वजन सारखं असतं का? फरक एवढाच की आपला गवई मुखडा दरवेळी किंचित वेगळा घेतो, आणि शूबर्ट म्हणतो, अक्षरही बदलू नका, बदल ऐकणाऱ्यात होऊ द्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. आल्फ्रेड ब्रेंडेल हे शूबर्टचे मोठे वादक. त्यांनी ही पुनरावृत्ती गाळली आणि का गाळली ते लेखात मांडलं. त्यांच्या मते या नऊ बारांचा उसळता स्वभाव बाकीच्या मूव्हमेंटशी जुळत नाही, आणि ती ट्रिल दूर, गूढ राहावी यातच तिचं सामर्थ्य आहे, तिला असं ओरडायला लावणं म्हणजे तिचं रहस्य उधळणं. विचार करण्यासारखं आहे. त्यांचं वादन मी आजही प्रेमानं ऐकतो. पण शूबर्टनं ते लिहिलं आहे! निव्वळ मागे वळायला नऊ बार लागत नाहीत, एका बारातही वळता येतं. इतके खर्च केले ते काहीतरी मनात धरूनच.

यात तबकड्यांचाही हात आहे. ७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपते. या सोनाट्याच्या पहिल्या भागाची पुनरावृत्ती पाच मिनिटांच्या आसपास, म्हणजे एका बाजूहून जास्त. आर्टूर श्नाबेल यांनी १९३९ मध्ये हा सोनाटा ध्वनिमुद्रित केला तो पुनरावृत्तीविना. आपल्याकडेही अब्दुल करीम खाँसाहेबांनी झिंझोटीतली ‘पिया बिन’ सव्वातीन मिनिटांत बसवली आणि ती अजोड आहे. पण ती ऐकून झिंझोटी सव्वातीन मिनिटांची असते असं आपल्यातल्या कुणाला वाटलं नाही, कारण मैफल चालू होती, लोक ती ऐकत होते. शूबर्टच्या या सोनाट्यांना मैफलीत फार लोक वाजवत नव्हते. पुष्कळांसाठी तबकडी हीच पहिली भेट होती, आणि तबकडीवर जेवढं होतं तेवढंच त्यांच्या लेखी सोनाटा झाला.

उलट टोकाला स्व्यातोस्लाव रिख्टर. त्यांचं १९७२ चं ध्वनिमुद्रण मिळवाच. नुसती पहिली मूव्हमेंट चोवीस मिनिटांच्या वर जाते, पुनरावृत्तीसकट, नऊ बारांसकट. पियानोवादक ग्लेन गूल्ड १९५७ मध्ये मॉस्कोला गेले असता रिख्टर यांनी हाच सोनाटा वाजवला होता. गूल्डना शूबर्टची ही पुनःपुन्हा तेच सांगण्याची रीत मुळीच रुचत नसे. तासभर चुळबुळ करावी लागणार असं धरून ते बसले होते, आणि पुढे त्यांनीच सांगितलं की आपण संमोहित झालो. रिख्टर यांची लय फार संथ आहे, तिथे मतभेद होऊ शकतात. पण ती ट्रिल त्यांच्याकडे ऐका.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरली म्हणतात आणि माझ्या चार रचना बाकी आहेत. घाईनं सांगतो, पण सांगतो.

‘एरोइका’. पहिला जाहीर प्रयोग ७ एप्रिल १८०५. पुनरावृत्तीबद्दल इथे तर लेखी पुरावाच आहे. फेब्रुवारी १८०५ मध्ये बीथोव्हेनच्या भावानं प्रकाशकाला कळवलं, की पहिल्या भागाची पुनरावृत्ती घेतली तर सिंफनी फार लांबेल असं बीथोव्हेनला आधी वाटलं होतं, पण ती वाजताना ऐकल्यावर मात्र पहिला भाग एकदाच वाजवणं नुकसानीचं आहे असं त्याचं मत झालं. ऐकून बनलेलं मत आहे हे! पुढे १८१७ मध्ये बीथोव्हेननं मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे छापले: मिनिटाला साठ बार. पहिला भाग सुमारे दीडशे बारांचा, म्हणजे पुनरावृत्तीला अडीच मिनिटं. एवढीच किंमत आहे. फुर्टव्हेंग्लर यांचं १९४४ चं व्हिएन्नाचं ध्वनिमुद्रण पुनरावृत्तीविना आहे आणि तरी मी ते सोडणार नाही, त्यातला शोकसंचलनाचा भाग ऐकवत नाही इतका जड आहे. त्याच्या शेजारी दुसरे संचालक गार्डिनर यांचं ठेवा, जुन्या धाटणीच्या वाद्यांवर, वेगानं आणि पुनरावृत्तीसकट.

ओपस १३१, १८२६. सात मूव्हमेंट, मधे विराम नाही, एकीतून दुसरी निघते. बुश क्वार्टेटचं १९३६ चं ध्वनिमुद्रण ज्यांनी मूळ तबकड्यांवर ऐकलं त्यांना दर चार मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागली. थांबू नका म्हणून लिहिलेल्या रचनेचे असे तुकडे! आता ते सलग मिळतं, तेव्हा सलगच ऐका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. शूबर्टनं मरणाच्या काही दिवस आधी हेच क्वार्टेट ऐकलं, अशी व्हायोलिनवादक कार्ल होल्त्सची आठवण आहे.

‘विंटररायझं’, १८२७, म्युलरच्या चोवीस कविता. गेर्हार्ट ह्युश यांचं १९३३ चं गायन घ्या, साधं आणि स्वच्छ. शेवटच्या गाण्यात डाव्या हाताला सा आणि प, बस्स, शेवटपर्यंत तेच दोन सूर धरलेले. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानांना ते गाणं समजावून सांगावं लागत नाही.

आणि क्विंटेट. तेही १८२८ चंच. प्रोब्स्टला लिहिलेल्या त्याच पत्रात त्याचा उल्लेख आहे, लवकरच ते वाजवून बघणार आहोत असा. जाहीर प्रयोग झाला १८५० मध्ये, बावीस वर्षांनी. फ्रान्समधल्या प्राडच्या महोत्सवातलं १९५२ चं ध्वनिमुद्रण घ्या, कासाल्स आणि तोर्तलिए चेलोवर, आयझॅक स्टर्न पहिल्या व्हायोलिनवर. अडाजिओबद्दल, म्हणजे त्यातल्या संथ मूव्हमेंटबद्दल, बोलायला आता वेळ नाही, पण आज रात्री घरी गेल्यावर शेवटच्या मूव्हमेंटचा अगदी शेवट ऐका. पाचही वाद्यं धावत सीवर येतात, तो आपला सा. सगळं मिटलं असं वाटतं, आणि अखेरच्या क्षणी पाचही जण मिळून डी फ्लॅटवरून सीवर उतरतात. कोमल रिषभ, मग सा. आनंदी म्हणून वाजवल्या जाणाऱ्या मूव्हमेंटच्या शेवटच्या बारमध्ये त्यानं कोमल रिषभ ठेवला आहे. काही जण तो पटकन उडवून सावर येतात. प्राडची मंडळी काय करतात ते ऐका आणि पुढच्या बैठकीत मला सांगा.