कॉर्नफ्लॉवरचा बर्फ

(दादरमधल्या एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? पंखे दोन मिनिटं बंद करता येतील का? मे महिना आहे, मलाही कळतंय, माझाही सदरा भिजलाय. पण तुम्हाला उत्तर ध्रुवावर न्यायचंय. आता डोळे मिटा. आजोबा, तुमचे मिटलेलेच आहेत, चालू द्या.

...करकच्. करकच्. करकच्.

काय ऐकलंत? ‘बर्फातून कुणीतरी चालतंय.’ शाबास. उघडा डोळे. हा माझ्या मुलाचा शाळेतला मोजा आणि आत पाव किलो कॉर्नफ्लॉवर. मांचुरियनला लागतं तेच. लावा पंखे.

टीव्हीवर पांढरं अस्वल चालताना जे ऐकू येतं, ते बरेचदा असंच कुणाच्या तरी मुठीत चाललेलं असतं. कॅमेरावाला बसलेला असतो लांब. भिंगाने अस्वल जवळ आणता येतं, पण माइकला तसलं भिंग नाही. त्याला ऐकू येतो वारा आणि कॅमेरावाल्याचं वाहणारं नाक. त्यातून दृश्य संथ गतीचं असेल तर विचारूच नका. मग आम्ही येतो. हरणाचे खूर म्हणजे नारळाच्या करवंट्या, पंखांची फडफड म्हणजे चामडी हातमोजे. या कामाला फोली म्हणतात, हॉलिवूडच्या जॅक फोली नावाच्या गृहस्थांवरून. आमच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी पोळीचं काहीतरी करतो.

तर आता माझं दुखणं सांगतो. अंधेरीतल्या एका स्टुडिओत, नाव सोडा, एका परदेशी मालिकेचं हिंदी डबिंग चाललं होतं. मूळ आवाजाचा ट्रॅक अर्धवट आलेला, त्यामुळे प्राण्यांचे आवाज आम्हीच भरत होतो. भाग हिमबिबट्याचा. आता हिमबिबट्याला डरकाळी फोडता येत नाही. गळ्याची घडणच तशी. तो फुरफुरतो, गुरगुरतो, विव्हळल्यासारखं ओरडतो. मी ती फुरफुर लावली. काम देणारे साहेब आले, ऐकलं आणि म्हणाले, “दादा, इतना बड़ा जानवर और आवाज़ घोड़े जैसी? दहाड़ डालो.” मी म्हटलं, साहेब, तो दहाडत नाही. “पब्लिक को क्या मालूम?” तीन तास वाद झाला. दोनदा चहा आला, एकदा वडापाव आला. घरून पुस्तक मागवून दाखवलं. साहेबांनी पुस्तकावर वडापाव ठेवला.

शेवटी मी वाघाची डरकाळी लावली. तीच फाइल मी आधी एका मसाल्याच्या जाहिरातीत वापरली होती.

भाग लागला. दुसऱ्या दिवशी चाळीच्या जिन्यात शेजारचा सातवीतला मुलगा भेटला. “काका, हिमबिबट्या डरकाळी फोडतच नाही. कुणी केलंय हो हे?” मी म्हटलं, “बघू, चौकशी करतो.”

जाता जाता एक. वाघाची डरकाळी, घोड्याचं खिंकाळणं, कोल्हेकुई हे आपण शाळेत घोकलं. बिबट्याला मात्र त्या यादीत काही दिलेलं आठवत नाही. आणि मुंबईच्या कुशीत राहतो तोच! त्याची हाक करवतीनं लाकूड कापल्यासारखी असते, खर्र-खर्र, खर्र-खर्र. मी तर म्हणतो... चिठ्ठी आली. बारा मिनिटं. आठ वाजता सभागृह भजनी मंडळाला दिलंय. अरेच्चा, आणि पत्रिकेवर विषय छापलाय ‘वन्यजीव मालिका : सत्य आणि आभास’. भरभर जाऊ.

आवाज भरणं हे खोटं का? माझ्या मते नाही. अस्वल चालतं तेव्हा बर्फ करकचतोच. जे घडत नाही ते दाखवणं खोटं. 1958 मध्ये डिस्नेच्या एका माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे जीव आत्महत्या करताना दाखवले. प्रत्यक्षात ते बाहेरून आणून पाण्यात ढकलले होते. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, आणि आजही लोक लेमिंगांची ती कथा सांगतात. माझी डरकाळी याच खात्यात जमा. तिला ऑस्कर नाही मिळालं एवढंच.

दुसरा आणि खरा मुद्दा शांततेचा. 2016 च्या ‘प्लॅनेट अर्थ 2’ या बीबीसीच्या मालिकेत शेवटचा भाग शहरांवरचा आहे, त्यात आपले मुंबईचे बिबटे आहेत. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं रात्री घेतलेले, डुकरांच्या मागावर असलेले. अप्रतिम काम. निवेदन करणाऱ्या डेव्हिड ॲटनबरोसाहेबांना कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं ते कळतं. पण ते थांबले की लगेच व्हायोलिनं सुरू! ते पाहून मी रेकॉर्डर घेऊन आरेतल्या एका पाड्यावर गेलो. एका वारली आजींच्या ओटीवर रात्र काढली. कानाला हेडफोन. काय मिळालं? रातकिडे, फिल्मसिटीकडून एकाच गाण्याचा तोच तो तुकडा, आणि कुत्री. रात्रभर भुंकणारी कुत्री. तीनच्या सुमारास ती थांबली, तेव्हा मी बॅटरी बदलून घेतली. म्हटलं, आता काय, काही नाहीये. पहाटे आजी म्हणाल्या, “तो मघाशी येऊन गेला.” कधी? “कुत्री गप झाली तेव्हा.”

ती शांतता माझ्याकडे रेकॉर्ड नाही, बॅटरी हातात होती. असती तरी कुठल्या वाहिनीनं ती वाजवली असती? चाळीस सेकंद काहीच नाही म्हटल्यावर माणूस रिमोट शोधतो. माझी मागणी एवढीच, की तासाभराच्या भागात एक मिनिट तरी...

हो हो, टाळ ऐकू आले. या माउली, या, पेटी इकडे ठेवा. संपलंच माझं.

तो शेजारचा मुलगा आता ठाण्याला असतो. डरकाळीचं त्याला अजून सांगितलेलं नाही. आज आमंत्रण दिलं होतं, पण आलेला दिसत नाही, म्हणून तर एवढं मोकळं बोललो. आणि तो मोजा पहिल्या रांगेत फिरतोय, तो तेवढा परत करा.