सोनं, पण बारीक

गुजरी, कोल्हापूरचा सराफ बाजार, सकाळचे साडेदहा. शटरं वर जातायत. साज असो की ठुशी, माणूस सोनं घेतो ते बदलत नाही म्हणून. गंज नाही, सहसा कशाशी रिअ‍ॅक्शन नाही, पिढ्यानपिढ्या तसंच. आता याच गावातल्या एका लॅबमध्ये चला, इथं त्या आळशी सोन्याला कामाला लावायचंय.

हा फ्लास्क बघा. साधा दिसतोय, पण आधी सोनंही विरघळवणाऱ्या अम्लराजात, म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये धुतलाय, कारण काचेला मागच्या बॅचचं सोनं जरा जरी चिकटलेलं असलं तर नवीन सोनं त्याच्यावरच वाढत बसतं आणि अख्खा दिवस पाण्यात. तेजाबाची किंमत गुजरीत कळते तशी इथल्या पोरांनाही कळते.

गोल्ड क्लोराइडचं फिकट पिवळं पाणी उकळतंय, खाली मॅग्नेट गरगर फिरतोय. आता सायट्रेट. एकदम ओतायचं, थेंब थेंब नाही. लिंबातल्या आम्लाचंच हे मीठ. पिवळा गेला... कट केलेला नाही, बघत राहा... शाईसारखं काळं-निळं... जांभळं... आणि हा आला डाळिंबी लाल! ही टर्केविच यांची 1951 ची रीत, आणि 1973 मध्ये फ्रेन्सनी दाखवलं की सायट्रेट वाढवलं की कण बारीक होतात. सुरुवातीलाच बिया, म्हणजे ज्यांच्यावर कण वाढतात ते इवले गोळे, जास्त पडतात, सोनं मात्र तेवढंच, मग वाटणीला थोडं थोडं येतं. सायट्रेट कणांना वेढून राहतं म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. खायच्या मिठाची चिमूट टाकली की चिकटतात, बघा, लाल गेला, निळं झालं.

हे कण 15-20 नॅनोमीटरचे, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कॅटॅलिस्टला, म्हणजे स्वतः न संपता रिअ‍ॅक्शन वेगात घडवायला, 5 च्या खालचे बरे, मग सायट्रेटऐवजी बर्फात गार केलेलं ताजं बोरोहायड्राइड, ते सोन्याचे कण झटकन पाडतं. रंग तपकिरी-केशरी, कॅमेऱ्यात तेवढा खुलत नाही. पण 3 नॅनोमीटरचे कण असतील तर 1 ग्रॅम सोन्याचा पृष्ठभाग साधारण 100 चौरस मीटर, म्हणजे हजार स्क्वेअर फुटाचा फ्लॅटच की!

आता टेस्ट, हे कण रिअ‍ॅक्शन घडवतात का. पिवळंधमक नायट्रोफिनॉल, बोरोहायड्राइड घालूनही पिवळंच. सोन्याचे दोन थेंब.

(निवेदन नाही. पिवळा उतरत जातो.)

जपानमध्ये हारुतांनी 1987 मध्ये असल्याच बारीक सोन्यावर कार्बन मोनॉक्साइडचं शून्याखालच्या तापमानातही कार्बन डायऑक्साइड करून दाखवलं. त्यावर पुढच्या भागात.

संध्याकाळचे सहा. फ्लास्क परत अम्लराजात.