चार कॉर्डांत उभं राहिलेलं अरण्य

नाटकावर बेतलेलं संगीत म्हटलं की आपण त्यात गोष्ट शोधायला लागतो. हा प्रवेश कुठला, आता कोण बोलतंय, असं. पण शब्दांविना गोष्ट सांगणं वाद्यवृंदाला फारसं जमत नाही. नाटकातली माणसं कोणत्या जगात वावरतात आणि एका जगातून दुसऱ्यात कशी जातात, हे मात्र त्याला फार नेमकं दाखवता येतं. जर्मन संगीतकार मेंडेल्सोनला हे वयाच्या सतराव्या वर्षी कळलं होतं. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'वरचं त्याचं ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदानं वाजवायची नांदी, १८२६चं. ते कुठल्या प्रयोगासाठी लिहिलेलं नव्हतं. आपली नांदी झाली की पडदा वर जातो. इथे बारा मिनिटांच्या त्या संगीतातच नाटक सुरू होऊन संपतं.

सुरुवात चार कॉर्डांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या चार जुडग्यांची. आधी फक्त दोन बासऱ्या. मग क्लॅरिनेट येऊन मिळतात, पुढे बासून, हॉर्न, ओबो ही फुंकवाद्यं. वाद्यं वाढत जातात तसं अरण्य दाट होत जातं. मूळ स्वर 'ई'. त्याला षड्ज धरा, म्हणजे बासऱ्यांवर सा आणि शुद्ध गंधार. दुसरा कॉर्ड पंचमावरचा. तिसरा मध्यमावरचा, आणि त्यात कोमल धैवत. दिवसाउजेडी चाललेल्या वाटेवर एकदम सावली पडते ती इथे. चौथ्या कॉर्डाला आपण पुन्हा षड्जावर येतो, पण ती सावली कानात राहते. लगेच व्हायोलिनं चार भागांत विभागून अगदी हलक्या आवाजात पळायला लागतात, ती कोमल गंधार घेऊन. एका गंधारानं माणसांचं जग मागे पडलं आणि पऱ्यांचं सुरू झालं.

या चार कॉर्डांवर तालमीत बराच वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. हलक्या आवाजात वाजवताना बासरीचा सूर उतरतो आणि क्लॅरिनेटचा चढतो. म्हणजे दुसऱ्या कॉर्डाला दोघं एकमेकांपासून लांब पळतात. शिवाय पहिल्याच गंधाराचा प्रश्न असतो. तो पेटीच्या पट्टीसारखा लावला तर कॉर्ड खरखरतो. स्वयंभू गंधार पेटीच्या गंधाराहून सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येतो तो हाच. म्हणून गंधार वाजवणाऱ्यानं जरा खाली राहायचं आणि षड्जवाल्यानं ढळायचं नाही.

पऱ्यांच्या जागी व्हायोलिनवाल्यांची चूक ठरलेली: गज जास्त वापरला जातो. मग आवाज वाढतो आणि लयही जड होते. गजाच्या मध्याजवळ, तारेवरून जेमतेम उडेल इतकाच गज पुरतो.

पुढे अथेन्सचा अधिपती थीसियसचा दरबार पूर्ण वाद्यवृंदात, प्रेमिकांची लांब सुरावट, आणि मग नाटकातल्या कारागिरांपैकी बॉटम विणकर. त्याच्या धडावर गाढवाचं डोकं बसवलंय, म्हणून व्हायोलिनं एका सप्तकाहून मोठी उडी घेत खाली आदळतात. गाढवाचं ओरडणं, दुसरं काही नाही. ते सभ्यपणे वाजवलं की फुकट जातं. या कारागिरांच्या मंडळींसाठी मेंडेल्सोनला ऑफिक्लाइड हे पितळी वाद्य हवं होतं. आता बहुतेक ठिकाणी त्या जागी टुबा हे खर्जातलं मोठं पितळी वाद्य असतं. टुबाचा आवाज गोल आणि भरदार, त्यात बासून बुडून जातात. टुबावाल्याला थोडं मागे ठेवावं लागतं, पण ऑफिक्लाइडचा तो ओबडधोबडपणा त्यानं परत येत नाही, हे खरं.

आता खरी अडचण. हे ओव्हर्चर सोनाटाच्या बांधणीत आहे. त्या बांधणीत पहिला विषय, म्हणजे सुरुवातीची सुरावट, पुन्हा यावाच लागतो, आणि नाटक तर पुढेच जातं. रशियन संगीतकार चायकोव्हस्की याच अडचणीपायी 'रोमिओ अँड ज्युलिएट'वर अकरा वर्षं परत परत बसला, १८६९, १८७० आणि १८८० असे तीन मसुदे झाले. पहिल्या मसुद्याची सुरुवात त्याचा मार्गदर्शक संगीतकार बालाकिरेव्हला पटली नाही, तेव्हा १८७०मध्ये चायकोव्हस्कीनं ती बदलून नाटकातल्या धर्मगुरूचं, फ्रायर लॉरेन्सचं, भजनासारखं संगीत तिथे आणलं. त्याच्याकडे प्रेमाची सुरावट परत येते ती अधिक मोठी होऊन, आणि भांडणाच्या संगीतात चिरडली जाते. परत येणं म्हणजे तिथे हरणं.

मेंडेल्सोनचं नाटक त्याला अनुकूल होतं, कारण त्यातली माणसं खरोखरच अरण्यातून घरी परततात. ते चार कॉर्ड ओव्हर्चरमध्ये तीनदा येतात. शेवटाला दरबाराची तीच धडाकेबाज सुरावट व्हायोलिनं अगदी संथ वाजवतात. तिच्यात आता झोप उतरलेली असते.

१८४३मध्ये प्रशियाच्या राजाच्या इच्छेवरून त्यानं याच नाटकाला रंगभूमीसाठी संगीत दिलं. पॉट्सडॅमच्या राजवाड्यात १४ ऑक्टोबरला प्रयोग झाला. चौथ्या आणि पाचव्या अंकामधलं लग्नाचं कूच आज जगभर वाजतं. त्याआधीचं 'नॉक्टर्न' (रात्रीचं संगीत) प्रेमिक झोपलेले असतानाचं, हॉर्नवरचं. 'शेर्झो' या चपळ भागाच्या अखेरीस बासरीला इतका लांब, तुटक आणि हलक्या आवाजाचा तुकडा दिलाय की श्वास कुठे घ्यायचा ते आधीच ठरवून स्वरलिपीत खूण करावी लागते. बासरीवादकाची निवड करताना हाच तुकडा हमखास मागतात.

आणि अगदी शेवटी, घरातले सगळे झोपल्यावर पऱ्या वास्तूला आशीर्वाद द्यायला येतात. तिथे त्यानं नवा शेवट लिहिला नाही. सतरा वर्षांपूर्वीचे तेच चार कॉर्ड ठेवले.