आठ जीबीचा लॅपटॉप आणि पेणचे गणपती

(दृश्य : पेण. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात, अगदी जवळून.)

रायगड जिल्ह्यातील पेण येथे गणपतीच्या एका कारखान्यात टिपलेले हे दृश्य सलग चाळीस सेकंदांचे आहे. पापणीची रेघ ओढताना कारागिराने श्वास रोखला आहे, आणि फोन धरणाऱ्या तरुणीनेही तो रोखला असावा, कारण एवढ्या वेळात चौकट जराही हललेली नाही. हा तिचा पहिलाच माहितीपट. तीन आठवड्यांत साडेसहा तासांचे चित्रीकरण जमले असून, मिनिटाला सुमारे १७० एमबी या हिशेबाने ते ६५ जीबीच्या आसपास जाते. हे सारे ज्यावर संकलित व्हायचे तो हा लॅपटॉप : ८ जीबी रॅम, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही आणि स्पेसबार एका बाजूने निखळलेला.

संकलनासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे तिने ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी आपण स्वतः वापरतो त्याचेच नाव सांगितले. प्रीमिअरच्या नव्या आवृत्त्या २०१३पासून वर्गणी भरूनच मिळतात; माहितीपट रेंगाळला की खर्चही वाढत जातो, आणि पहिला माहितीपट रेंगाळतोच. फायनल कट प्रोसाठी ॲपलचेच यंत्र लागते. दा विंची रिझॉल्व्हची विनाशुल्क आवृत्ती उत्तम आहे आणि रंगसंस्कारात ती उजवी आहे, हे मान्य करायलाच हवे. परंतु तिला किमान १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते. उरले केडेनलाइव्ह : २००२ साली सुरू झालेले, स्वयंसेवकांच्या मेहनतीवर वाढलेले, विनामूल्य आणि मुक्त, म्हणजे ज्याचा मूळ संकेत (सोर्स कोड) सर्वांना खुला आहे असे. आमचा कल त्याच्याकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

(दृश्य : स्टीनबेक टेबल. फिरणारी चकती, काचेवर थांबलेली चौकट.)

संगणकाआधी फिल्मचे संकलन ज्यावर होई, ते हे जर्मन बनावटीचे स्टीनबेक टेबल आहे. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी असतात आणि सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने ४०० फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे चालते. संकलक या काचेवर चौकट थांबवीत असे, ग्रीस पेन्सिलने खूण करीत असे, फिल्म कापून पारदर्शक चिकटपट्टीने जोडीत असे आणि उरलेले तुकडे ओळीने टांगून ठेवीत असे. मूळ निगेटिव्हला मात्र या टेबलावर कोणी हात लावीत नसे. सारी कापाकापी व्हायची ती तिच्या प्रतीवर, म्हणजे वर्कप्रिंटवर. वर्कप्रिंटवर ओरखडे पडले, ती दहा वेळा कापली-जोडली, तरी बिघडत नसे. चित्रपट ठरला की फिल्मच्या कडेला छापलेल्या आकड्यांवरून निगेटिव्ह त्याबरहुकूम कापली जाई.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. क्लिपच्या नावापाशी उमटलेले ‘पी’ हे अक्षर.)

आता हा पडदा पाहा. फोन चित्रीकरण करताना प्रत्येक चौकट पूर्ण साठवीत नाही. ठरावीक अंतराने एक चौकट पूर्ण आणि मधल्या चौकटींत केवळ झालेला बदल, अशी ती नोंद असते. त्यामुळे फाइल आटोपशीर राहते, पण ब्रश मूर्तीला टेकतो नेमक्या त्याच चौकटीवर थांबायचे म्हटले, की ती उभी करण्यासाठी यंत्राला आजूबाजूच्या कित्येक चौकटी उलगडाव्या लागतात आणि ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकू लागतो. केडेनलाइव्हमध्ये ‘प्रॉक्सी’ सुरू केल्यावर प्रत्येक क्लिपची एक हलकी, लहान आकाराची प्रत तयार होते. संकलन त्या प्रतीवर होते आणि शेवटच्या रेंडरच्या वेळी, म्हणजे तयार चित्रपटाची फाइल बनताना, तिच्या जागी मूळ फाइल आपोआप येते. वर्कप्रिंटच ही! प्रॉक्सीची सोय इतर सॉफ्टवेअरांतही आहे. पण येथे ती वर्गणी न भरता, आहे त्याच यंत्रावर मिळाली.

आवाजाची अडचण वेगळी होती. फोनचा चौकटींचा वेग प्रकाशानुसार कमीजास्त होतो, त्यामुळे लांबलचक मुलाखतीत ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांपासून सुटू लागतात. असे फुटेज आत आणताच केडेनलाइव्ह सूचना देते आणि स्थिर वेगाची प्रत करून घेण्याचा पर्याय पुढे करते.

(दृश्य : काळ्या पडद्यावर शीर्षक.)

माहितीपटाचे नाव ‘कोऱ्या डोळ्यांची मूर्ती’. आधी वापरून पाहिलेल्या एका सॉफ्टवेअरात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, ‘कोऱ्या’मधला अर्धा र पाय मोडून सुटा उभा राहिला आणि ‘मूर्ती’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. केडेनलाइव्ह क्यूटी नावाच्या, सॉफ्टवेअर बांधण्याच्या तयार साधनसंचाच्या पायावर उभे आहे, आणि त्यात जोडाक्षरे जुळवण्याची व्यवस्था मुळातच आहे. मराठीत माहितीपट करणाऱ्याने सॉफ्टवेअर उघडल्यावर सर्वांत आधी आपले शीर्षकच टंकून पाहावे, असे आम्हाला वाटते. बाकीची तुलना नंतर.

बारा मिनिटांचा तयार माहितीपट पुढे त्याच कारखान्याच्या भिंतीवर दाखवला गेला आणि कारागिरांना तो आवडला. त्या संध्याकाळचे चित्रीकरण झालेले नाही.

(दृश्य : पुन्हा आखणी करणारा हात.)

मूळ चाळीस सेकंदांपैकी तिने एकतीस ठेवले आहेत. पहिल्या सेकंदाला ब्रश अजून रंगाच्या वाटीतच आहे. येथून पुढे निवेदन नाही. फक्त कारखान्यातला आवाज.