क्लावे आधी, काँगो नंतर

विषय 'संगणकावरची लॅटिन तालवाद्यं' असा जाहीर झालाय, पण मी क्यूबापुरतंच बोलणार. लॅटिन म्हटलं की क्यूबा आणि ब्राझील एकाच पिशवीत कोंबायची आपली सवय. यंत्रं बनवणारेही त्यातलेच. 1991 साली जनरल मिडीचं, म्हणजे कुठल्या कळेवर कुठला आवाज याचं, प्रमाण ठरलं, त्यात काँगोच्या, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ढोलाच्या, वाट्याला आल्या तीन कळा: उंच काँगोचा दाबलेला आवाज, त्याचाच मोकळा आवाज आणि खालचा काँगो. संपलं! स्लॅप, म्हणजे चापटीचा कडक ठोका, नाही, तळव्याचा दाब नाही, बोटांची टोकं नाहीत. तबल्यातले धा, ना, गे तेवढे ठेवून कुणाला तरी कायदा वाजवायला सांगा. (हशा) त्याच यादीत ब्राझीलची कुइका, म्हणजे घासून वाजवायचा ढोल, मात्र दोन कळा अडवून बसलीय.

आता तो किस्सा सांगतोच, नाहीतर घरी जाऊन चुटपुट लागेल. एका जाहिरातीचं काम होतं. साहेबांना 'बीचवाला फील' हवा होता. त्यांनी स्वतःच लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे, विकत आणले होते. क्लावे म्हणजे सगळ्या वादकांना बांधून ठेवणारा पाच ठोक्यांचा साचा, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. तिचा लूप तीन-दोनचा, म्हणजे तीन ठोक्यांची बाजू आधी. त्यावर टिम्बाले या धातूच्या ढोलांच्या कडेवर वाजणारा कास्कारा हा ठेका टाकला तो दोन-तीनचा. दोन्ही सुटे ऐकले तर झकास. एकत्र लावले की एक पाय पुढे आणि एक मागे. मी म्हटलं, "साहेब, क्लावे उलटी बसलीय." साहेब शांतपणे म्हणाले, "मग तिचा आवाज कमी करा."

आवाज कमी करून कसं चालेल? ती ऐकू आली नाही तरी बाकी सगळे तिच्यावरच चालतात. गाणं सुरू झालं की तिची दिशा बदलत नाही. गायकाला दुसऱ्या बाजूने उचलायचं असेल तर ओळीतच विषम संख्येचे मात्राखंड घालून जागा साधतात. आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये बोंगो-काँगो वाजवणारे कावस लॉर्ड यांच्यासारखे लोक होते. हाताने वाजवणाऱ्याला अशी उलटी जागा आधी हातालाच टोचते. लूपला हातच नाही.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं! बरं, जे शिकवायला बोलावलंत ते आता भरभर घ्या.

दोन मात्राखंडांची सोळा घरं करा. सोन आणि रुंबा या क्यूबातल्या संगीतशैली. सोन क्लावे 1, 4, 7, 11, 13 वर. रुंबा क्लावेत तिसरा ठोका 7 वरून 8 वर जातो, बस. हे आधी टाका, मग बाकीचं. काँगोचा तुम्बाव हा नेहमीचा ठेका म्हणजे आठ घरांचं एक चक्र: तळवा, बोटं, स्लॅप, बोटं, तळवा, बोटं आणि शेवटी दोन मोकळे ठोके. तळवा-बोटांचा जोर मिडीच्या 127 पैकी तीस-चाळीसच्या आसपास ठेवा. ते ऐकवायचे नसतात, चालवायचे असतात. एकाच ठोक्याचे निरनिराळे नमुने आळीपाळीने वाजवणारं वाद्य घ्या, नाहीतर मशीनगन ऐकू येते. ग्रिडवर, म्हणजे त्या घरांच्या रेघांवर, सगळं शंभर टक्के चिकटवू नका, पण क्लावे मात्र हलवू नका.

आणि हात मोजा. सोनमध्ये मोंतुनो, म्हणजे गाण्याचा पुढचा आवर्तनांचा भाग, सुरू झाला की बोंगोवाला बहुतेकदा बोंगो बाजूला ठेवून घंटा उचलतो. तुमच्या ट्रॅकवर मार्तीयो, म्हणजे बोंगोचा नेहमीचा ठेका, आणि ती घंटा दोन्ही एकदम सुरू असतील, तर एक माणूस आणखी बोलवा किंवा एक ट्रॅक पुसा. गुइरोचं, म्हणजे खाचांवर काडी घासून वाजवायच्या वाद्याचं, मला बोलायचं होतं, ते राहिलं. ज्यांना हवंय त्यांनी चहाच्या वेळी धरा मला.