वाईट व्हिस्की कशी घडते

उत्तम व्हिस्की कोणती, असे दहा जाणकारांना विचारले तर उत्तरे बहुधा सारखीच येतात, आणि त्यांतले शब्दही एकमेकांकडून उसने घेतलेले असतात: मध, व्हॅनिला, सुकामेवा. सर्वांत वाईट कोणती, असे विचारले की मात्र माणसे नेमके बोलू लागतात. एकाला नखांचा रंग पुसण्याच्या द्रवाचा वास आलेला असतो, दुसऱ्याला जळक्या रबराचा, तिसऱ्याला साबणाचा, आणि एखाद्याला चक्क ओकारीचा. या तक्रारी आपण हसण्यावारी नेतो. आज मला त्या गांभीर्याने घ्यायच्या आहेत, कारण माझ्या मते वाईट चव ही क्वचितच निव्वळ आवडीनिवडीची बाब असते. बहुतेक वेळा तिच्यामागे कोणीतरी घेतलेला एखादा निर्णय असतो, आणि पुष्कळदा तो भट्टीपाशी नव्हे, तर हिशेबाच्या टेबलावर घेतलेला असतो.

प्रथम भट्टीपासून सुरुवात करू. आंबवलेले धान्य तापवले की अल्कोहोल एकटे वर येत नाही. सुरुवातीच्या धारेत अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट यांसारखी हलकी, लवकर उडणारी द्रव्ये जास्त असतात. नखांच्या रंगाच्या द्रवाचा तो वास या इथाइल अ‍ॅसिटेटचाच. मधली धार पिण्याजोगी असते. शेवटी येतात ती जड अल्कोहोले आणि स्निग्धाम्ले, ज्यांच्यामुळे तोंडात तेलकटपणा, घामट वास आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव राहते. मधली धार कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे ओळखणे हेच भट्टीवाल्याचे खरे कसब. दोन्ही टोकांना थोडी थोडी सैल सोडली की तेवढ्याच धान्यातून जास्त माल निघतो आणि चव बिघडते. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिची फुशारकी मारली जाते, ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने बाजूला काढण्याच्या लायकीची असते, हे इथे जाता जाता नोंदवतो.

गंधकाचे प्रकरण वेगळे आहे. आंबवताना तयार होणारी गंधकयुक्त संयुगे अगदी सूक्ष्म प्रमाणातही कुजलेल्या कोबीचा किंवा रबराचा वास देतात. तांब्याची भांडी त्यांना धरून ठेवतात, म्हणूनच सर्वत्र पोलाद आले तरी व्हिस्कीच्या भट्टीतून तांबे गेले नाही. व्हिस्की मुरवण्याच्या लाकडी पिंपाच्या आतला जळका थरही तेच काम पुढे वर्षानुवर्षे करते. ओकारीचा वास ब्युटिरिक आम्लाचा असतो, आणि तो बहुधा आंबवणाच्या टाकीत नको ते जिवाणू शिरल्याचे लक्षण असतो. गंमत अशी की हेच आम्ल इथाइल अल्कोहोलशी संयोग पावले की त्यातून अननसाचा सुगंध निर्माण होतो. दोष आणि गुण यांच्यामध्ये कित्येकदा एका रासायनिक क्रियेचे आणि थोड्या सबुरीचेच अंतर असते.

इथे एक इशारा आवश्यक आहे. जीभ घिसाडघाई ओळखते, विष ओळखत नाही. मिथेनॉलची चव आणि वास साध्या अल्कोहोलपेक्षा इतके निराळे नसतात की पिणाऱ्याने ग्लास खाली ठेवावा. २०१५ साली मुंबईत मालवणीमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. व्हिस्कीची चव वाईट लागली म्हणून ती घातक ठरत नाही आणि चांगली लागली म्हणून निर्धोक ठरत नाही. मी आज फक्त चवीविषयी बोलतो आहे, ही मर्यादा आपण लक्षात ठेवावी.

त्याचबरोबर, विचित्र चव म्हणजे वाईट चव नव्हे. स्कॉटलंडच्या आयला बेटावर बार्ली वाळवताना पीट नावाचे दलदलीतले इंधन जाळतात. त्याच्या धुरातील फिनॉल-वर्गीय द्रव्ये बार्लीत उतरतात, आणि मग लफ्रॉइगसारख्या व्हिस्कीला इस्पितळाचा, आयोडीनचा, नुकत्याच बांधलेल्या मलमपट्टीचा वास येतो. पहिल्यांदा घोट घेणारे अनेक जण हिलाच आयुष्यातली सर्वांत वाईट व्हिस्की ठरवून मोकळे होतात. पण ती तशीच व्हावी असे बनवणाऱ्याने ठरवलेले असते आणि ती दरवर्षी तशीच होते. तिला नावडती म्हणण्याचा अधिकार सर्वांना आहे. सदोष म्हणण्याचा नाही.

आता अमेरिकेकडे वळू, कारण वाईट व्हिस्कीविरुद्ध कायदा करण्याची वेळ त्या देशावर आली. एकोणिसाव्या शतकात तिथे ‘रेक्टिफायर’ म्हणवणारे व्यापारी साधे, बेचव अल्कोहोल घेत, त्यात जळकी साखर, सुक्या आलुबुखाराचा रस, धुराच्या चवीसाठी क्रिओसोट असले पदार्थ मिसळत आणि ते जुनी बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून काढलेली अमेरिकी व्हिस्की, म्हणून विकत. दुकानात माल पिंपातून मोजून दिला जाई, त्यामुळे वाटेत कोणी काय मिसळले हे कळायला मार्ग नव्हता. १८७० मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन यांनी ओल्ड फॉरेस्टर ही बर्बन केवळ मोहोरबंद बाटलीत विकायला काढली, ती याच अविश्वासाच्या बाजारात. पुढे कर्नल एडमंड टेलर यांच्यासारखे केंटकीचे उत्पादक आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या प्रयत्नांतून १८९७ चा ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला: एकाच उत्पादकाची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षे मुरलेली आणि ५० टक्के अल्कोहोलची व्हिस्की. १९०६ च्या अन्न आणि औषध कायद्यानंतर ‘व्हिस्की’ हे नाव कोणी वापरायचे यावरून इतका वाद पेटला की १९०९ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांना निवाडा द्यावा लागला. कायद्याने भेसळ आवरली. आळस आणि लोभ आवरायला मात्र कायद्याची कलमे पुरत नाहीत, हे पुढच्या शतकात दिसले.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ओल्ड क्रो. जेम्स क्रो हा मूळचा स्कॉटिश माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकीत त्याने अंदाजपंचे चालणाऱ्या भट्टीवर तापमापक आणि साखरमापक आणले आणि ‘सावर मॅश’ पद्धतीला शिस्त लावली. या पद्धतीत आधीच्या घाण्यातून अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेले आंबट पाणी ठरावीक प्रमाणात नव्या आंबवणात घालतात. त्यामुळे आंबवणाची आम्लता नेमकी राहते, नको ते जिवाणू वाढत नाहीत आणि प्रत्येक घाणा आधीच्या घाण्यासारखा उतरतो. क्रोच्या नावाची व्हिस्की पुढे अमेरिकेत नावाजली गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती तिथल्या सर्वाधिक खपाच्या बर्बनांपैकी होती. मग १९६० च्या दशकात कारखाना वाढवला गेला आणि त्या वाढीच्या भरात नेमके याच आंबट पाण्याचे प्रमाण बदलले. चव बिघडली. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या. कंपनीच्या स्वतःच्या चव पाहणाऱ्या मंडळींनीही तेच सांगितले. तरीही ते प्रमाण पूर्ववत झाले नाही.

या घटनेत मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की बिघाड कोणापासूनही लपलेला नव्हता. ज्या माणसाची कीर्ती प्रमाण सांभाळण्यावर उभी होती, त्याच्याच नावाच्या बाटलीत प्रमाण चुकले, चुकल्याचे कळले आणि तसेच ठेवले गेले. वर्षाकाठी खप घसरत गेला. १९८७ मध्ये जिम बीम कंपनीने तेव्हाचे मालक नॅशनल डिस्टिलर्स यांचा हा व्यवसाय विकत घेतला आणि जुना कारखाना बंद केला. आज ओल्ड क्रो या नावाने जी मिळते ती जिम बीमच्याच धान्यमिश्रणाची, ३ वर्षे मुरलेली, खालच्या फळीवरची बर्बन आहे. नावडत्या बर्बनांत तिचे नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की ते ज्या चवीविषयी बोलत आहेत तिचा जेम्स क्रोशी नावापलीकडे काही संबंध उरलेला नाही.

फोर रोझेस या केंटकीच्याच बर्बनची कथा याच वळणाची, पण शेवट निराळा. सीग्रॅम कंपनीने ती १९४३ मध्ये घेतली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस अस्सल फोर रोझेस बर्बन अमेरिकेत विकणेच थांबवले. ती युरोपात आणि जपानात जाऊ लागली, तर घरच्या ग्राहकाला त्याच नावाखाली मिश्र व्हिस्की मिळू लागली. अमेरिकी नियमांनुसार अशा मिश्र व्हिस्कीत अस्सल व्हिस्की २० टक्के असली तरी पुरते. बाकी साधे अल्कोहोल चालते. एका पिढीने हे पेय पिऊन फोर रोझेस म्हणजे रद्दी असे मनाशी पक्के केले, आणि त्याच काळात केंटकीतल्या त्याच भट्टीतून निघालेली बर्बन टोकियोत आदराने प्यायली जात होती. २००२ मध्ये जपानच्या किरीन कंपनीने ती घेतली, अमेरिकेतली मिश्र व्हिस्की बंद केली आणि मुख्य भट्टीकार जिम रटलेज यांच्या देखरेखीखालची अस्सल बर्बन मायदेशी परतली.

स्वस्ताईच फक्त वाईट व्हिस्की घडवते असा समज यातून होऊ नये. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळत असे. नवा माल काढायला बहुतेक काळ परवानगी नव्हती, त्यामुळे आधीचीच पिंपे गोदामात पडून राहिली आणि बंदीच्या अखेरीस बाटलीत आलेली काही व्हिस्की १५ वर्षांहूनही जुनी होती. बर्बनला दरवेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते, आणि केंटकीचा उन्हाळा कडक असतो. उकळत ठेवलेल्या चहासारखी ती व्हिस्की लाकडातले सारे काही ओढून घेत राहते, आणि शेवटी तोंड कोरडे पाडणारा तुरट कडवटपणा तेवढा उरतो. आज जुन्या बर्बनसाठी मोठमोठ्या रकमा मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लेबलावरचा वयाचा आकडा हा चवीचा दाखला नाही.

याच्या उलट्या टोकाला उतावळेपणा आहे. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत छोट्या भट्ट्यांची लाट आली. नेहमीचे पिंप ५३ गॅलनचे, म्हणजे सुमारे २०० लिटरचे. या मंडळींपैकी काहींनी ५ गॅलनची पिंपे वापरली. पिंप लहान तितका द्रवाचा लाकडाशी संपर्क जास्त, म्हणून काही महिन्यांतच व्हिस्की गडद दिसू लागते. पण रंग आणि तुरटपणा लाकडातून लवकर निघत असले, तरी पिंपातल्या हवेशी होणारी संथ क्रिया आणि आम्लांचे सुगंधी द्रव्यांत होणारे रूपांतर यांना काळच लागतो. परिणामी नाकाला सुतारकामाच्या भुशाचा वास येतो आणि घशाला कच्चे अल्कोहोल लागते. मला वैयक्तिकदृष्ट्या हा दोष सर्वांत त्रासदायक वाटतो, कारण अशा बाटल्या स्वस्तही नसतात.

स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकात लॉख डू नावाची १० वर्षांची ‘काळी व्हिस्की’ बाजारात आली. मॅनोखमोर भट्टीची ही व्हिस्की दोनदा जाळलेल्या पिंपांत मुरवल्यामुळे काळी झाल्याचे सांगितले जाई. रंगासाठी त्यात कॅरामेलही होते, जे स्कॉचमध्ये चालते आणि बर्बनमध्ये चालत नाही. पिणाऱ्यांनी तिला इतके झोडपले की काही वर्षांतच ती बंद पडली, आणि बंद पडताच संग्राहक तिच्या मागे लागले. जगातल्या सर्वांत वाईट व्हिस्कींपैकी एक म्हणून गाजलेल्या या बाटलीला आज लिलावात मूळ किमतीच्या अनेक पट भाव येतो. ती विकत घेणाऱ्यांपैकी किती जण तिचे बूच उघडतात, हा प्रश्न मी सभागृहावर सोपवतो.

आपल्याकडच्या व्हिस्कीबद्दल काहीच न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालातला मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या शुद्ध अल्कोहोलवर उभा असतो, आणि आपल्या ऊसपट्ट्यातल्या अनेक साखर कारखान्यांना जोडून अशा भट्ट्या आहेत. युरोपीय नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून हा माल तिथे त्या नावाने विकता येत नाही. पण त्याच्या चवीचा दोष वर सांगितलेल्या दोषांपैकी नव्हे. हे अल्कोहोल इतके शुद्ध केलेले असते की त्यात पहिल्या-शेवटच्या धारेचे काही उरतच नाही. उरतो तो न मुरलेला तिखटपणा आणि वरून घातलेल्या रंग-स्वादाचा पातळ लेप. सोडा, बर्फ आणि खारट-तिखट चकणा यांचा आपल्याकडे जो आग्रह असतो त्याचे एक कारण इथे आहे, कारण थंडीने वास दबतो आणि मिठा-मिरचीने जीभ गुंतून राहते.

याच देशात वेगळे काही होऊ शकते, हे बंगळूरच्या जगदाळे कुटुंबाच्या अमृत डिस्टिलरीने दाखवले. त्यांची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेली व्हिस्की, २००४ मध्ये प्रथम विक्रीस आली ती ग्लासगोत, म्हणजे थेट स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. पुढे गोव्यातून पॉल जॉन आली. या हवेत मुरवण्याचे गणितच निराळे आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के माल उडून जातो. बंगळूर-गोव्याच्या उष्णतेत तो त्याच्या कितीतरी पट उडतो आणि लाकूडही तितक्याच वेगाने उतरते. तिथे जे पिंप बारा वर्षे निवांत ठेवता येते, ते इथे चार-पाच वर्षांतच ऐन भरात येते, आणि त्यानंतर विसरले गेले तर दारूबंदीच्या काळातल्या त्या केंटकी व्हिस्कीच्या वाटेने जाते. म्हणून इथल्या गोदामात पिंपांचे नमुने पुनःपुन्हा काढून चाखावे लागतात, आणि पिंप कधी रिकामे करायचे हे लेबलावर कोणता आकडा शोभेल यापेक्षा त्या नमुन्यावरून ठरते.